खोलीवरचा स्वयंपाक: एका माणसाचं महिन्याचं जेवण अडीच हजारांत

पुण्यात आले त्या पहिल्याच वर्षी कॉलेजात रक्तदान शिबिर होतं. मैत्रिणींबरोबर मीही रांगेत उभी राहिले. बोटाला सुई टोचून तपासलं आणि मला रक्त न घेताच परत पाठवलं. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं, माझं साडेनऊ भरलं. उपाशी तर मी एकही दिवस राहिले नव्हते. सकाळी चहा-क्रीमरोल, दुपारी वडापाव, रात्री नूडल्सचं पाकीट. वर दिवसाचे शंभर-सव्वाशे रुपये त्यातच जात होते, म्हणजे महिन्याचे तीन-साडेतीन हजार. बार्शीकडच्या ज्वारीच्या भागातली मुलगी, आणि मी वर्षभरात भाकरी किती वेळा खाल्ली ते बोटांवर मोजता आलं असतं.

त्यानंतर खोलीवर स्वयंपाक सुरू केला. आधी दोघी, मग एकटी. पुढे जे लिहिलंय ते शिकायला, परीक्षेच्या तयारीला किंवा पहिल्या नोकरीला गाव सोडून आलेल्यांसाठी आहे. खोलीत एक शेगडी, तीन लिटरचा कुकर, तवा आणि एक कढई आहे एवढंच धरलं आहे. फ्रिज धरलेला नाही. भाव माझ्या पेठेतल्या वाण्याकडचे, ढोबळ आहेत. तुमच्याकडे पाच-दहा रुपये वर-खाली होतील.

आधी दहा रुपयांचा हिशेब

खरेदीला जाण्याआधी हा हिशेब एकदा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार धडधाकट माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. स्वस्तात खाताना पोट भाताने आणि पावाने भरतं, पण प्रथिनं, लोह आणि पालेभाजी मागे राहते. म्हणून प्रत्येक वस्तूला विचारा: दहा रुपयांत तू मला किती प्रथिनं देतेस?

हरभरे नव्वद रुपये किलो असतील तर दहा रुपयांत साधारण २० ग्रॅम मिळतात. शेंगदाण्यांतून १७-१८, तूरडाळीतून १५. अंड्यातून आठ. दुधातून पाच, पनीरमधून साडेचार. बिस्किटाच्या पुड्यातून तीन-चार, आणि बरोबर साखर, मैदा, पामतेल. सोयाबीनच्या वड्या सगळ्यांत पुढे आहेत, दहा रुपयांत ३५ ग्रॅमच्या आसपास. टीव्हीवरच्या जाहिरातीतली ताकद देणारी पावडर या यादीत कुठेच बसत नाही. ती अजिबात घेऊ नका. तेवढ्या पैशांत महिन्याची कडधान्यं येतात.

मात्र एकट्या डाळीने किंवा एकट्या भाकरीने काम भागत नाही. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असतं, डाळींमध्ये मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र जेवणात आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरण-भात, भाकरी-उसळ, मुगाची खिचडी, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. आपल्या आज्यांनी हे गणित ताटातच मांडून ठेवलं आहे.

रेशनचं विसरू नका

गावाकडे घरचं कार्ड पिवळं किंवा अन्नसुरक्षेतलं प्राधान्य कुटुंबाचं असेल तर तुमच्या वाट्याचं धान्य तुम्ही पुण्यातही उचलू शकता. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ या सोयीमुळे जवळच्या कोणत्याही रेशन दुकानात कार्डाचा नंबर सांगून, आधारवर अंगठा लावून धान्य घेता येतं. घरच्यांनी तिकडे त्यांचा भाग घेतला तरी तुमचा भाग तुम्हाला इकडे मिळू शकतो. कार्डावर तुमचं नाव असायला हवं आणि आधार जोडलेलं हवं, एवढं घरी फोन करून आधी विचारून घ्या. महिनाअखेरीच्या गर्दीत अंगठ्याचं मशीन फार छळतं, म्हणून पहिल्या पंधरवड्यातच जा.

लाज वाटण्याचं काही कारण नाही. कायद्याने दिलेला हक्क आहे.

पहिल्या तारखेची खरेदी

पैसे हातात आले की त्याच दिवशी किराणा भरा. हे मी नियम म्हणून सांगते, कारण किराणा भरलेला असेल तर वीस तारखेला खिसा रिकामा असला तरी माणूस उपाशी झोपत नाही. उलट रोज थोडं थोडं आणणारा माणूस वीस तारखेनंतर चहा-खारीवर येतो.

एका माणसाला, रेशन न धरता: ज्वारी पाच किलो आणि गहू दोन किलो, दळणासकट साडेतीनशे. तांदूळ तीन किलो दीडशे. तूरडाळ एक किलो आणि मूगडाळ अर्धा किलो दोनशे. हरभरे एक किलो, मटकी अर्धा, चवळी अर्धा, मिळून दोनशे दहा. शेंगदाणे एक किलो एकशे चाळीस. सोयाबीन वडी पावकिलो चाळीस. पोहे एक किलो आणि बेसन अर्धा किलो एकशे दहा. तेल एक लिटर दीडशे. गूळ, मीठ, तिखट, हळद, मोहरी-जिरं, चहा पावडर दोनशे. हे साडेपंधराशे झाले. उरलेल्यांतले सहाशे भाजी-फळांना, म्हणजे दिवसाला वीस, आणि साडेतीनशेच्या आत दूध-अंडी. गॅस यात नाही. रेशनचे गहू-तांदूळ मिळत असतील तर दोनेकशे रुपये वाचतात, ते सरळ भाजीत घाला.

तेल पॅकबंदच घ्या, सुट्ट्या तेलात भेसळीची भीती असते. छोट्या पाऊचमधून घेतलेलं तेल लिटरमागे महाग पडतं. मीठ आयोडीनचं. डाळ-कडधान्य मात्र सुटं चालतं. मूठभर हातात घेऊन वास बघा, खाली पिठूळ भुकटी किंवा बारीक भोकं दिसली तर सोंडे लागलेत, घेऊ नका. घरी आणल्यावर एकदा उन्हात घालून कोरड्या डब्यात भरा, वर कडुनिंबाची वाळलेली पानं टाका. पावसाळ्यात हे केलं नाही तर महिन्याच्या आत पाव डाळ फेकावी लागते, आणि फेकलेली डाळ ही सगळ्यांत महाग डाळ.

ज्वारी एकदम सगळी दळू नका. दहा-बारा दिवसांपुरती दळा, जुन्या पिठाची भाकरी चिरते. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, ते आठवड्यातच कडू पडायला लागतं. मालदांडी ज्वारीचा स्वाद वेगळाच, पण रोजच्यासाठी साधी ज्वारी घ्या.

रात्री भिजत घालणं

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. झोपण्याआधी वाटीभर कडधान्य धुऊन पाण्यात टाकायचं. दात घासायच्या आधी, रोज. मी ब्रशच्या पेल्याशेजारीच कडधान्याची बरणी ठेवली होती, म्हणजे विसरायला होत नाही.

हरभरे, चवळी, राजमा रात्रभर भिजले की सकाळी कुकरला लावा. चवळी लवकर शिजते, हरभऱ्याला शिट्टी आल्यावर गॅस बारीक करून पंधरा-वीस मिनिटं द्या. न भिजवता लावलेले हरभरे तासभर गॅस खातात आणि तरी आत कच्चे राहतात. राजमा तर कधीच अर्धाकच्चा खाऊ नका, त्यातल्या विषारी द्रव्याने उलट्या होतात.

मटकीचं काम दोन पायऱ्यांत. आठ तास भिजवायची, मग पाणी पूर्ण निथळून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधून डब्यात ठेवायची. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात. डिसेंबरात दीड दिवस लागतो, तेव्हा पुरचुंडी कुकरमध्ये झाकून ठेवा, आतली ऊब पुरते. चिकट लागली, आंबूस वास आला तर टाकून द्या. मोड आले की कडधान्यात मुळात नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं, आणि लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं. म्हणजे तीच मटकी, त्याच पैशांत, जास्त अंगी लागते. पण कच्चे मोड खोलीवर खाऊ नका, एक वाफ काढाच. आपल्या टाकीच्या पाण्याचा भरवसा नसतो.

उसळीला फोडणी, कांदा, तिखट, मीठ, गूळ-चिंच असेल तर उत्तम, नसेल तर वरून लिंबू. लिंबू चवीपुरतं नाही, ते लोह शोषून घ्यायला मदत करतं. आणि जेवणावर लगेच चहा प्यायची सवय असेल तर ती मोडा, चहातलं टॅनिन हेच लोह अडवतं. किमान तासाभराचं अंतर ठेवा. मला डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींत ही एक फुकटची होती आणि सगळ्यांत जड गेली.

हिमोग्लोबिन कमी असेल तर गूळ खा म्हणतात. गुळात थोडं लोह असतं, पण मुख्यतः ती साखरच. त्याच्या भरवशावर राहू नका. लोखंडी कढईत भाजी करा, बाजरी, हरभरे, पालेभाजी आणि लिंबू असू द्या, आणि आकडा फार खाली असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन लोहाच्या गोळ्या घ्या. माझा आकडाही नुसत्या जेवणाने चढला नाही, तीन महिने गोळ्या घेतल्या.

भाकरी येत नसेल तर

मुलं इथेच अडतात आणि ब्रेडवर जातात. भाकरी थापता न येणं हा काही दोष नाही, हात बसायला महिना लागतो. तोपर्यंत ज्वारीचं पीठ तीन तऱ्हांनी खाता येतं.

पहिली, धिरडं. वाटीभर ज्वारीचं पीठ, दोन चमचे बेसन, मीठ, तिखट, चिरलेला कांदा, हाताला लागेल ती पालेभाजी, पातळ भिजवून तव्यावर ओता. झाकण ठेवा. शाळकरी मुलालाही जमतं. दुसरी, थालीपीठ: तेच साहित्य घट्ट मळून ओल्या फडक्यावर थापून तव्यावर उलटायचं, मध्ये भोक पाडून तेलाचे दोन थेंब. तिसरी खरी भाकरी, पण उकडीची. पीठ उकळत्या पाण्यात घालून दोन मिनिटं झाकायचं, कोमट असताना भरपूर मळायचं, मग ती पोळीसारखी लाटतासुद्धा येते, फुटत नाही. नेहमीच्या थापलेल्या भाकरीलाही गरम पाणी वापरा आणि एका भाकरीपुरतंच पीठ मळा. एकदम चार भाकरींचं मळून ठेवलं की शेवटच्या दोन चिरणारच.

नाचणीचं पीठ पावकिलो घरात असू द्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्याच वजनाच्या दुधापेक्षा जवळजवळ तिप्पट. दोन चमचे पीठ पाण्यात शिजवून, थंड झाल्यावर ताक आणि मीठ घातलं की आंबील. उन्हाळ्यात सकाळी यासारखं दुसरं काही नाही.

भाजी: संध्याकाळी, आणि पाल्यासकट

वीस रुपयांत भाजी येते, पण वेळ आणि जागा निवडावी लागते. मॉलमध्ये प्लॅस्टिकात गुंडाळलेली भाजी आपली नाही. मंडईत किंवा आठवडे बाजारात रात्री आठच्या पुढे जा, विक्रेत्याला टोपली रिकामी करून घरी जायचं असतं. वाट्यावर लावलेला माल तेव्हा अर्ध्या भावात येतो. टोमॅटो थोडे मऊ असतील, वांग्याला एखादा डाग असेल. आजच शिजवायचं असेल तर काय बिघडतं? पालेभाजी मात्र पिवळी पडलेली घेऊ नका.

भाव ऋतूवर ठरतात. थंडीत मेथी, पालक, गाजर, मुळा स्वस्त, तेव्हा पोटभर खा. पावसाळ्यात पालेभाजीला चिखल आणि भाव दोन्ही चढतात, तेव्हा दोडका, दुधी, लाल भोपळा. सह्याद्रीच्या बाजूच्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन रस्त्याकडेला बसतात, त्यांच्याकडून जरूर घ्या आणि शिजवायची कशी ते त्यांनाच विचारा. स्वतः रानात ओळखून तोडायला जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये सगळंच महागतं. त्या दिवसांत डाळकांदा, पिठलं, चिंचेची आमटी आणि कैरी.

मुळ्याचा पाला, बिटाचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं, कोथिंबिरीचे देठ हे कचऱ्यात जातं आणि आपण दुसरी जुडी विकत घेतो. मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून केलेली भाजी मुळ्यापेक्षा चविष्ट लागते, आणि पोषणही पाल्यातच जास्त. आसपास शेवग्याचं झाड असेल तर मालकाला विचारून पाला आणा. कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचा इतका स्वस्त साठा दुसरीकडे मिळणार नाही.

फ्रिज नाही तर जुडी निवडून, न धुता, ओलसर सुती कापडात गुंडाळून मातीच्या भांड्यात किंवा फरशीवर ठेवा, दीड-दोन दिवस टिकते. बटाटा ही पोटाला भाजी आहे, ताटाला नाही. भात-बटाटा-पाव असं एकाच रंगाचं जेवण लागोपाठ दोन दिवस झालं तर तिसऱ्या दिवशी पालेभाजी आलीच पाहिजे.

फळांत केळी आणि पेरू. पेरूत संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं आणि थंडीत तो संत्र्याच्या निम्म्या भावात येतो. सफरचंद आजारी माणसाला भेटायला जाताना नेतात, तेवढंच पुरे.

दूध आणि अंडी

दिवसाआड पाव लिटर दूध. चहाला थोडं काढून बाकीचं तापवून विरजण लावा. दही टिकतं, ताक करता येतं, आणि पाण्यामुळे वाढतं. बी-१२ हे जीवनसत्त्व धान्य-भाजीत मिळत नाही, ते दूध, अंडी, मासे, मांसातच असतं. म्हणून शाकाहारी असाल तर पैसे वाचवायला दूध-दही पूर्ण बंद करू नका, पनीर खुशाल बंद करा. अंडी खात असाल तर आठवड्याला चार. सुकट-बोंबील खाणाऱ्यांनी पावसाआधी पावकिलो भरून ठेवावं, कांद्यावर परतलेली मूठभर सुकट दोन भाकरींना पुरते.

दमलेल्या रात्री

पैसा बाहेर जातो तो दमलेल्या रात्री. नऊ वाजता खोलीवर आलात, ओट्यावर काही नाही, आणि हात मोबाइलवर. एका मागवलेल्या जेवणात चार दिवसांची भाजी जाते. याला निश्चयाने उत्तर मिळत नाही, तयारीने मिळतं.

रविवारी तासभर काढा. अर्धा किलो शेंगदाणे भाजून अर्ध्याचं जाडसर कूट करा, लसूण-तिखट घालून चटणी करा. थोडा कांदा तेलात परतून ठेवू नका, फ्रिजशिवाय आंबतो. कोरड्या गोष्टीच करा. मग दमलेल्या रात्री पंधरा मिनिटांत होतील अशा चार गोष्टी हाताशी असतात: मुगाची खिचडी, पिठलं, दही-पोहे, आणि सोयाबीन वडी गरम पाण्यातून दोनदा पिळून कांद्यावर परतलेली. खिचडीत तांदूळ दोन वाट्या, डाळ एक असं प्रमाण धरा. डाळ चिमूटभर घातलेली खिचडी म्हणजे नुसता भात. भूक भागवायला बॅगेत फुटाणे-शेंगदाण्याची पुडी असू द्या, चार वाजताचा वडा आपोआप सुटतो.

एक साधा दिवस मोजून दाखवते. सकाळी पोहे, मूठभर शेंगदाणे घालून: १० ग्रॅम प्रथिनं. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ: २४. रात्री मुगाची खिचडी आणि वाटीभर ताक-दही: १९. बेरीज ५३. ताटात लिंबाची फोड, कांदा, एखादी पालेभाजी. पनीर नाही, पावडर नाही.

घरात गरोदर बाई किंवा सहा वर्षांखालचं मूल असेल तर अंगणवाडीत नाव नोंदवा, पूरक आहार तिथे मिळतो. आणि मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा, माझा हिशेब धडधाकट माणसाचा आहे.

शेवटचे चार दिवस

सत्तावीस तारखेला डबे खडखडायला लागतात. हरभरे मूठभर, मटकी दोन चमचे, चवळी थोडी, तूरडाळ वाटीच्या तळाला. तूरडाळ सोडून बाकी सगळं एकत्र भिजत घाला. सकाळी कुकरला लावा, लसणाची फोडणी, तिखट थोडं चढं, रस्सा पातळ. उरलेलं ज्वारीचं आणि गव्हाचं पीठ एकत्र मळून पोळी लाटा, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा आणि दुसऱ्या दिवशी तूरडाळीच्या उकळत्या आमटीत सोडा. आमच्याकडे त्यांना चकोल्या म्हणतात, कुठे वरणफळं म्हणतात. वर कच्चं तेल, कूट आणि चिरलेला कांदा. तिसऱ्या दिवशी तळाच्या बेसनाचं पिठलं. चौथ्या दिवशी पोह्यांचा चुरा ताकात भिजवून.

मग डबे धुऊन उन्हात पालथे घाला, म्हणजे एक तारखेला कोरडे मिळतात.